डावीकडे येणारी घुंडी

बहुतेक हॅमच्या टेबलावर आरएफ गेनची घुंडी पार उजवीकडे फिरवलेली असते. रिग खोक्यातून बाहेर निघाली त्या दिवशी ती तिथे गेली आणि तिथेच राहिली. बाकीच्या घुंड्यांखालची अक्षरं बोटं लागून लागून पुसट होतात, हिच्याखालची कोरी करकरीत. लांबचं ऐकायचं तर रेडिओची ताकद जास्तीत जास्त हवी, हे इतकं उघड वाटतं की तिला हात लावावा असं कोणाच्या मनात येत नाही. चाळीस मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, मी जे काही ऐकायला शिकलो ते ही घुंडी डावीकडे आणून शिकलो. तिच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांचं बिनतारी बोलणं. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, ‘व्हीयू’पासून सुरू होणारा कॉलसाइन मिळवायचा आणि नेमून दिलेल्या पट्ट्यांत जो भेटेल त्याच्याशी बोलायचं. ज्या संचावर हे चालतं त्याला आम्ही रिग म्हणतो. रिगवर आवाजाशी संबंध असलेल्या दोन घुंड्या असतात. बऱ्याच जपानी रिगवर तर एकाच दांड्यावर, एकीच्या पोटात दुसरी. एक एएफ गेन, म्हणजे घरच्या रेडिओवरचा साधा व्हॉल्यूम. स्पीकरकडे जाणारा आवाज लहानमोठा करायचा एवढंच तिचं काम. दुसरी आरएफ गेन. ती अँटेनाच्या बाजूला काम करते, सिग्नलमधून बोलणं वेगळं काढलं जाण्याच्या आधी. रेडिओने आत आलेल्या गोष्टीला किती फुगवायचं, हे ती ठरवते.

आत येणाऱ्या गोष्टींत फरक तरी किती असावा? चांगला रिसीव्हर मायक्रोव्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढा सिग्नल ऐकू शकतो. त्याच तारेवर जवळच्या गल्लीतल्या हॅमचा सिग्नल शंभर मिलिव्होल्ट भरू शकतो. दोघांत दहा लाख पट अंतर. शिवाय एकच सिग्नल मिनिटामिनिटाला बदलतो. रेडिओ सिलोन ऐकत वाढलेल्या पिढीला हे सांगायला नको. बिनाका गीतमाला लघुलहरींवरून यायची आणि गाणं ऐन अंतऱ्यात मागे सरकायचं, मग पुन्हा पुढे यायचं. आयनांबरात परावर्तित होऊन येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या वाटांनी पोचतात. कधी एकमेकींत मिळतात, कधी एकमेकींना खोडतात. त्या काळचे घरगुती रेडिओ स्वतःहून हा चढउतार सावरून घेत होते म्हणून गाणं निदान ओळखू यायचं. ही सोय हॅरॉल्ड व्हीलर या तरुण अमेरिकी अभियंत्याची. त्याने ती १९२५ साली शोधली आणि १९२९च्या फिल्को ९५ या संचातून ती दिवाणखान्यात पोचली. तेव्हा तिला एव्हीसी म्हणत, आता एजीसी म्हणतात. फ्रीजला लावलेला स्टॅबिलायझर जसा बाहेरून कितीही व्होल्टेज येवो, आत ठरावीकच सोडतो, तसंच हे काम: सिग्नल जोरात आला की रिसीव्हरची ताकद आपोआप कमी करायची, मंद झाला की वाढवायची.

व्हीलरचे माझ्यावर उपकार आहेत आणि एजीसी बंद करून टाका असं मी कोणाला सांगणार नाही. पण तिची एक खोड आहे. तिला माणूस कळत नाही. समोरचा बोलायचा थांबला की तिला वाटतं सिग्नल मंद झाला. ती लगेच ताकद वाढवते. मग त्या दोन वाक्यांमधल्या जागेत बँडवरची सगळी खरखर उसळून वर येते. तो पुन्हा बोलू लागला की खाली बसते. प्रत्येक श्वासाला हे. तासभर असं ऐकलं की कानशिलं दुखू लागतात आणि आपण म्हणतो, आज बँड खराब आहे.

अशा वेळी आरएफ गेन डावीकडे आणून बघावा. पहिली गोष्ट दिसते ती विचित्र असते: सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवायला असलेल्या एस-मीटरची सुई वर चढते. नव्याने हॅम झालेला माणूस इथे हमखास गोंधळतो. ताकद कमी केली आणि सिग्नल वाढला कसा? तर सुई थेट सिग्नल मोजत नसतेच. रिसीव्हरला किती आवरून धरलंय, ते ती दाखवते. एजीसीने आवरलं तरी ती चढते, तुम्ही हाताने आवरलंत तरी चढते. हाताने आवरल्यावर ती एका जागी जाऊन थांबते आणि त्या जागेच्या खालचं काहीही आता तिला हलवू शकत नाही.

समजा कोल्हापूरचा एक जण एस सातवर येतोय. तो बोलताना सुई सातपाशी नाचते, थांबला की चारपर्यंत उतरते आणि खरखर वर येते. घुंडी सावकाश डावीकडे आणायची. सुईचा तळ आधी पाचवर येतो, मग सहावर, मग अशी एक जागा येते की त्याने एखादा शब्द जोर देऊन उच्चारला तरच सुई जेमतेम थरथरते. तिथे थांबायचं आणि व्हॉल्यूम थोडा वाढवायचा. आता तो बोलताना थांबतो तेव्हा खरखर वर उसळत नाही, खालीच राहते. आवाजाला कडा येते. त्याच्या मागे फिरणारा पंखा ऐकू येतो, आतल्या खोलीत कोणी हाक मारली तर तीही. सिग्नल होता तेवढाच आहे, खरखरही होती तेवढीच आहे. फक्त रेडिओचा खालीवर होणारा श्वास थांबला आहे. मला या क्षणाचं अजून अप्रूप आहे.

सुईवरच्या आकड्यांचाही हिशेब सांगून ठेवतो, कारण तो फार कमी लोक मनात धरतात. लघुलहरींवर एस नऊ म्हणजे अँटेनाच्या टोकाशी पन्नास मायक्रोव्होल्ट. तिथून खाली प्रत्येक पायरीला सहा डेसिबल, म्हणजे व्होल्टेज निम्मं. आठला पंचवीस, सातला साडेबारा, असं करत एकला जेमतेम पाव मायक्रोव्होल्टाच्याही खाली. सगळ्या रिगचे मीटर हा हिशेब काटेकोर पाळतात असं नाही, आणि प्रीअँपचं, म्हणजे सिग्नल आत शिरतानाच फुगवणाऱ्या टप्प्याचं, बटण दाबलं की सुई आपोआप दोन पायऱ्या वर दिसते. तरी लोक ते बटण दाबून ठेवतात, कारण चढलेली सुई बघायला बरी वाटते.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या गावात तार खात्यातून निवृत्त झालेले एक जुने हॅम होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्याकडे बीसी-३४८ नावाचा अमेरिकी लष्करी रिसीव्हर होता. दुसऱ्या महायुद्धात बाँबर विमानांत बसवलेला, युद्धानंतर भंगारात निघालेला आणि मुंबईच्या चोरबाजारातून अण्णांच्या माडीवर आलेला. काळा रंग जागोजागी उडालेला, आत व्हॉल्व्ह, तापले की धुळीचा आणि गरम मेणाचा वास. त्याला एस-मीटर नव्हता. एव्हीसी आणि एमव्हीसी अशा जागा असलेला एक स्विच होता. एमव्हीसीवर टाकला की आपोआप काही व्हायचं नाही. पुढची घुंडी सरळ रिसीव्हरच्या आतल्या ताकदीला हात घालायची. अण्णांचा स्विच कायम एमव्हीसीवर.

मी एकदा विचारलं, “अण्णा, एव्हीसी का नाही लावत?” त्यांनी उत्तर दिलं नाही. एसएसबीवरचं, म्हणजे हॅम बोलायला वापरतात त्या पद्धतीचं, एक स्टेशन धरलं आणि घुंडी उजवीकडे नेली. बोलणं फाटलं, शब्द एकमेकांत मिसळले, कोणत्या भाषेत चाललंय तेही कळेना. मग घुंडी डावीकडे आणली. आवाज बराच बारीक झाला आणि त्या बारीक आवाजात स्वच्छ तमिळ ऐकू आलं. “आता कान दे,” ते म्हणाले, “रेडिओने सगळं कशाला करायचं?”

त्यामागचं कारण मला नंतर कळलं. एसएसबीत मूळ वाहक लहर पाठवतच नाहीत. ती रिसीव्हरमधल्या बीएफओ नावाच्या छोट्या ऑसिलेटरने परत मिसळावी लागते, तेव्हा कुठे बोलणं उलगडतं. युद्धकाळातल्या संचांत ही आतली लहर बेताचीच असे. बाहेरचा सिग्नल दणकून आला की ती दबून जाई. घुंडी खाली आणली की दोघांचं प्रमाण जुळे. शिवाय त्या वेळची स्वयंचलित यंत्रणा वाहक लहरीच्या भरवशावर चालणारी; वाहक लहरच नसली की तिला काय धरावं ते कळत नसे. पुढे एसएसबीसाठी वेगळी एजीसी आली. ती चटकन आवरते आणि सावकाश सोडते. आजच्या रिगवर फास्ट आणि स्लो असं बटण असतं ते यासाठीच.

अण्णांचा डावा हात पूर्ण वेळ घुंडीवर असायचा, उजव्या हातात पेन्सिल. मे महिन्यातली त्यांची बैठक मला विशेष आठवते. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी चाळीस मीटरवर बसणं हे धीराचं काम आहे. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, पण कुठेतरी मराठवाड्यात नाहीतर कर्नाटकात ढग फुटत असतात आणि प्रत्येक विजेचा कडाका शेकडो किलोमीटरवरून रेडिओत येतो. स्लो एजीसीवर असा एक कडाका आला की रिसीव्हर दचकून बसतो. वीज क्षणात संपते, पण ताकद परत यायला सेकंद दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात समोरच्याचा कॉलसाइन निघून गेलेला असतो. अण्णांच्या संचावर तसं होत नसे. कडाका कानात वाजायचा आणि त्याच्या पाठोपाठचं अक्षर जागेवर असायचं. आवाज सहन करायची तयारी ठेवली तर शब्द हातचा जात नाही, हे मी तिथे पाहिलं. आजही विजांच्या रात्री मी एजीसी फास्टवर टाकतो आणि आरएफ गेन बराच खाली घेतो. असं केलं की कडाक्याचा ठोका बसतो, पण रेडिओ बहिरा होत नाही.

गेन कमी करून ऐकायला जास्त येतं, हे ज्यांना पटत नाही त्यांना मी एक सोपा प्रयोग करायला सांगतो. रेडिओ चाळीस मीटरवर, रिकाम्या जागी ठेवा. अँटेनाची पिन मागून काढा. जी सूं ऐकू येते ती रेडिओची स्वतःची. आता पिन परत लावा. खरखर एकदम वाढते. ही वाढलेली खरखर बाहेरची आहे, आणि तुमच्या रेडिओच्या स्वतःच्या सूं-पेक्षा ती इतकी मोठी आहे की रेडिओ आणखी तीक्ष्ण करून काही मिळायचं नाही. मधे वीस डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर टाकलात, म्हणजे शक्तीचा शंभरावाच हिस्सा आत येऊ दिलात, तरी बाहेरची खरखर बहुतेक वेळा ऐकू येतच राहते. याचा अर्थ, त्या खरखरीच्या वर असलेला कोणताही माणूसही ऐकू येईल. गेन वाढवला की माणूसही वाढतो आणि खरखरही तेवढीच वाढते. दोघांमधलं अंतर एका केसानेही वाढत नाही.

बाहेरच्या या खरखरीची मोजदाद करण्यावर कार्ल जान्स्की या बेल प्रयोगशाळेतल्या अभियंत्याने वर्षं घालवली. अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनला कसला गोंगाट त्रास देतो, ते शोधायचं काम त्याच्याकडे होतं. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे त्याने २०.५ मेगाहर्ट्‌झची एक लांबलचक अँटेना फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या चाकांवर बसवली आणि ती गोल फिरवत तो ऐकत राहिला. जवळच्या विजा वेगळ्या काढल्या, लांबच्या वेगळ्या काढल्या, तरी एक मंद सूं उरली. ती रोज चार मिनिटं लवकर यायची, म्हणजे सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या घड्याळाने चालायची. १९३३ साली त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेकडून येते. पुढे ग्रोट रेबर या हॅमने १९३७ साली इलिनॉयमध्ये घराच्या मागच्या अंगणात स्वतःच्या हाताने तबकडी बांधली आणि आकाशातली ही सूं कुठे किती आहे याचा नकाशा काढला. रेडिओ खगोलशास्त्र उभं राहिलं ते असं, गोंगाटाला कान देणाऱ्या माणसांमुळे. आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. ती जागा निवडण्यामागे माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट तिथे कमी आहे, हे एक मोठं कारण होतं.

आमच्या घरांभोवती तो कमी नाही. स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, छतांवरच्या सौर पॅनेलांचे इन्व्हर्टर, केबलची खोकी, सगळे मिळून चाळीस मीटरवर असा थर चढवतात की शहरात कित्येक ठिकाणी सुई सहा-सातच्या खाली उतरतच नाही. लोडशेडिंगच्या रात्री हे नेमकं समजतं. रिग बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालू असते, अचानक आळीतली वीज जाते आणि सुई धाडकन खाली येते. ज्या जागी काही नव्हतं तिथे मलेशिया बोलत असतं, श्रीलंका बोलत असते, कुणीतरी मंद मोर्स पाठवत असतं. हे सगळे आधीही तिथे होते. वीज गेल्यावर घरचे मेणबत्ती शोधतात आणि मी हेडफोन. पुन्हा दिवे लागले की तो सगळा जमाव गडप होतो. त्या थराखाली गेलेल्याला कोणतीही घुंडी वर काढू शकत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. तिथे अँटेना घरापासून दूर न्यावी लागते, दोषी दिवा शोधून बदलावा लागतो.

व्हीएचएफवर, १४५ मेगाहर्ट्‌झला, गोष्ट उलटी आहे. तिथे बाहेरची खरखर इतकी थोडी असते की रेडिओची स्वतःची सूं-च आड येते. उपग्रहावरून येणारा सिग्नल ऐकायचा तर अँटेनाच्या दांड्यावरच प्रीअँप बसवणं योग्य. माझं म्हणणं लघुलहरींपुरतं, आणि तेही विशेष करून चाळीस आणि ऐंशी मीटरपुरतं आहे.

गेन जास्त ठेवण्याचा दुसरा तोटा मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात रेडिओ खोटं बोलतो. भारतातल्या हॅमना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ मिळालेत. यातल्या वरच्या अर्ध्या भागातून प्रक्षेपण केंद्रं २९ मार्च २००९पासून हटली, पण ७.२च्या पलीकडे ती आहेतच, आणि त्यांची शक्ती शेकडो किलोवॅटमध्ये असते. आमच्या रिगची शंभर वॅट. रात्री ही केंद्रं रिसीव्हरच्या पहिल्याच टप्प्यावर एवढ्या जोराने आदळतात की त्यातल्या दोघांची आत मिसळण होऊन तिसऱ्याच जागी एक सिग्नल तयार होतो. तो हवेत नसतो. तुमच्याच डब्यात जन्मलेला असतो. आणि हे ओळखायची कसोटी किती सुंदर आहे बघा. दहा डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावायचा. खरा सिग्नल दहा डेसिबलने उतरतो. असा तिसऱ्या क्रमाने मिसळून झालेला भास तीस डेसिबलने कोसळतो, बहुतेकदा नाहीसाच होतो. बटणाच्या एका दाबात खरं-खोटं वेगळं होतं. संगणकाला जोडायच्या स्वस्त एसडीआर डाँगलवर हे तर रोजचं आहे. मुलं गेन शेवटपर्यंत सरकवतात, पडद्यावर जागोजागी रेघा उमटतात आणि त्यांना वाटतं बँड भरून वाहतोय. गेन खाली ओढला की निम्म्या रेघा विरतात आणि ज्या राहतात त्या माणसांच्या असतात. शाळा-कॉलेजात हॅम रेडिओ शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हेच दाखवावं असं माझं आग्रहाचं मत आहे.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेला बिटएक्स हा संच ज्यांनी बांधलाय त्यांना मी वेगळं काही सांगत नाही. फरहान यांचा बिटएक्स-४० जगभर गेला, त्यातली कॉइल्स बायकांच्या एका गटाने हाताने गुंडाळलेली. बाहेर जाताना त्याची शक्ती पाच-सात वॅट, आणि आत येताना एजीसी अजिबात नाही. हेडफोन लावून त्यावर बसलं की हात आपोआप व्हॉल्यूमच्या घुंडीवर राहतो, कारण मंद स्टेशनवरून शेजारच्या जोरदार स्टेशनवर आलात तर कानाचा पडदा हादरतो. महिनाभर असा संच वापरलेल्याच्या बोटांना जी समज येते ती मोठ्या रिगवरही कामाला येते. मला तो संच स्वस्त आहे म्हणून आवडतोच, पण तो ऐकणाऱ्याला कामाला लावतो म्हणून अधिक आवडतो.

असे पाच वॅटवाले, खिडकीच्या गजाला तार बांधलेले, नुकताच परवाना मिळालेले लोक सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी एकाच जागी जमणाऱ्या हॅमच्या बैठकीत, येतात, तेव्हा आमची खरी परीक्षा असते. नेट कंट्रोल नावं घेत जातो, जोरदार स्टेशनं ‘फाइव्ह-नाइन’ असा अव्वल शेरा घेऊन पुढे जातात, आणि मधल्या एका फटीत एक बारीक आवाज स्वतःचा कॉलसाइन सांगून जातो. एजीसी अजून आधीच्या जोरदार स्टेशनच्या धक्क्यातून सावरलेली नसते. तो आवाज तसाच विरतो. दोनदा, तीनदा असं झालं की तो पोरगा पुन्हा येत नाही. मी कंट्रोलवर असतो तेव्हा गेन आधीच खाली आणून ठेवतो, एजीसी फास्टवर, फिल्टर थोडा अरुंद, व्हॉल्यूम वर. जोरदार स्टेशनं जरा जास्तच वाजतात. वाजू देत. ती कशीही ऐकू येणारच असतात.

मंद आवाज नुसता सौजन्यापुरता ऐकायचा नसतो. २००४च्या डिसेंबरात हॅमची एक मोहीम अंदमानात गेली होती; भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, पोर्ट ब्लेअरहून जगाशी बोलत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले आणि जे स्टेशन गप्पांसाठी उभारलं होतं त्यावरून बेटांची खबर मुख्य भूमीवर येऊ लागली. अशा वेळी बोलणाऱ्याकडे अँटेना धड नसते, बॅटरी उतरलेली असते, आणि तो चांगला ऐकू येईल अशी सोय त्याला करता येत नाही. ती ऐकणाऱ्यालाच करावी लागते.

आता अनेक जण कानाने ऐकतच नाहीत. स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी २०१७ साली एफटी८ ही संगणकावरची पद्धत आणली. टेलर म्हणजे जोड-पल्सारसाठी १९९३चं नोबेल मिळवणारे तेच. पंधरा पंधरा सेकंदांच्या फेऱ्या, आणि गोंगाटाच्या शंभराव्या भागाएवढा सिग्नलही संगणक उलगडून दाखवतो. मी तेही करतो, आणि ते थोर काम आहे. गंमत अशी की त्या प्रणालीची पहिली सूचनाही गेनचीच आहे: बँडवर नुसता गोंगाट असताना पट्टी तीस डेसिबलच्या आसपास राहील इतकाच आवाज संगणकात सोडा. हा नियम अण्णांना सहज पटला असता. पण एफटी८वर समोरच्याचा श्वास ऐकू येत नाही, त्याच्या मागचा पंखा ऐकू येत नाही, आणि मला तो ऐकायचा असतो.

तर नेटवर येणाऱ्या सगळ्या हॅम मंडळींना एक विनंती आहे. उद्या सकाळी प्रीअँप बंद करा. आरएफ गेन डावीकडे आणा, बँडची खरखर जेमतेम ऐकू येईल इथपर्यंत, आणि मग व्हॉल्यूम हवा तेवढा वाढवा. एखादा मंद आवाज आला तर ‘कॉपी होत नाही, सेव्हन्टी-थ्री’ म्हणत निरोप घेऊन मोकळे होण्याआधी घुंडीवर बोट ठेवून त्याला पुन्हा एकदा कॉलसाइन सांगायला लावा. बऱ्याचदा तो ऐकू येतो.